मोजणी

देवबागच्या धक्क्यावरून होडी सोडताना मी माणसं मोजतो.
लाइफ जॅकेटं नाही, ती फसवतात;
एखादं रिकामंच बसलेलं असतं बाकावर,
माणसासारखं पोट काढून.
डोकी मोजतो, टोप्या धरून.
आज चौदा.
पुढे नांगराच्या दोरीवर बसून नेल्सन पुन्हा मोजतो,
कारण माझा डावा डोळा आता
फक्त लांबचं नीट बघतो.

कर्ली इथे दर्याला भेटते.
भेटते म्हणजे भांडते:
ती बाहेर ढकलते, तो आत,
आणि दोघांच्या झटापटीत जी रेती खाली पडते
तिला पाव्हणे बेट म्हणतात.
आम्ही तिला काहीच म्हणत नव्हतो.
बायका तिसऱ्या काढायला उतरायच्या, एवढंच.

ओहोटीला वर येते, भरतीला जाते.
मधल्या चार तासांत तिच्यावर
कांदाभजी मिळतात, कोकम सरबत मिळतं,
घोटाभर पाण्यात प्लास्टिकची टेबलं,
पाय बुडवून मॅगी खाणाऱ्या पोरी.
शेवंती तारी रोज स्टोव्ह होडीत घालून आणते
आणि रोज परत नेते.
तिचं हॉटेल आजवर हजार वेळा बुडालं असेल,
कपबशी एक फुटली नाही.

चौदांतले एक, इचलकरंजीकडचे मगदूम.
पायजमा गुडघ्यापर्यंत वळलेला,
काखेत वही नाही, तरी हात वही धरल्यासारखा.
भूमापन खात्यात एकतीस वर्षं, सून सांगत होती.
उतरल्या उतरल्या त्यांनी बेट चालून काढलं,
आधी लांबी, मग रुंदी,
ओठ हलवत.
दोन टोकांना दोन चपला ठेवल्या, हद्दीच्या दगडासारख्या.
मग माझ्याकडे येऊन:
ह्याचा गट नंबर काय?
नाय, म्हटलं.
सातबारा?
नाय.
मग मालक कोण हो?
मी दर्याकडे बोट केलं, नंतर खाडीकडे,
मग हात खाली घेतला.
झारा न थांबवता शेवंती म्हणाली,
"चार वाजेसर माजा."

बाकीचे हसले. ते नाही.
वीतभर बांधासाठी
सख्ख्या भावाने भावावर उचललेली कुदळ
त्यांनी पाहिली होती, हातात टेप धरून.
तेवढंच बोलले, आणि सरबत
तसंच राहिलं ग्लासात.

पाणी फिरलं. मी शिट्टी मारली.
मोजलं: तेरा.
नेल्सनने मोजलं: तेरा.
एक जॅकेट दक्षिणेच्या टोकाला उभं होतं
आणि ह्या खेपेला आत माणूस होता.
सून हाका मारत होती, नातू मोबाइल धरून,
इंजिन गुरगुरत होतं, डिझेल माझं जळत होतं.
मी चालत गेलो. पाणी घोट्याला,
मग नळगुडीला.
"बघू दे की जरा," ते म्हणाले.
"एवढी जमीन मोजली,
सरताना कधी बघितली नाही."

मग मीही उभा राहिलो.
बावीस वर्षं मी ह्या वेळेला तिकडे पाठ करून असतो,
सुकाणूवर, घाईत.
रेती कडेने जात नाही.
आधी मधेच एक ओल फुटते,
खुर्चीच्या चार भोकांतून पाणी वर येतं,
मग आपण कशावर उभे आहोत
ते फक्त तळव्यांना कळतं.
उत्तरेची चप्पल उठली,
जरा विचार केल्यासारखी फिरली आणि निघाली.
नेल्सनने उडी टाकली.
दक्षिणेची मिळाली, ती नाही.

धक्क्यावर चौदा उतरले.
मगदूम एका चपलेने,
आणि जाताना मला त्यांनी पावती मागितली.
मी दिली.

दुसऱ्या दिवशी रेती आली
तेव्हा कालच्यापेक्षा थोडी भोगव्याच्या अंगाला सरकून आली होती.
चप्पल नव्हती. शेवंती स्टोव्हला पंप मारत होती.
मी ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलो,
उगाच, ओठ हलवत.
किती भरली? तिने ओरडून विचारलं.
आकडा तोंडात होता, नेमका तेव्हाच सुटला.
पुन्हा मोजायला वेळ नव्हता,
पलीकडे धक्क्यावर
नऊ टोप्या उभ्या होत्या.